दोन दिवसांची मुंबई, सोबत मुलं आणि आजी-आजोबा: जेवण दर वेळी का फसतं आणि ते कसं जमवायचं

तक्रार ठरलेली असते. नाशिक, सांगली किंवा नागपूरहून दोन दिवसांसाठी मुंबईत आलेलं पाच-सहा जणांचं कुटुंब दुपारी दोन वाजता गेटवेपाशी उभं असतं. मुलं रडकुंडीला आलेली, आजींच्या गोळीची वेळ टळलेली. फोनवर ‘जवळची रेस्टॉरंट’ शोधली की एक तर पर्यटकांसाठीचं महागडं ठिकाण दिसतं, नाहीतर गावातल्या मॉलमध्येही मिळतो तोच पिझ्झा. संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘मुंबईत स्वस्त आणि चांगलं काही मिळतच नाही.’

मिळतं, आणि भरपूर मिळतं. फक्त ते प्रेक्षणीय स्थळांच्या दारात नसतं. उडुपी हॉटेलं, मराठी उपहारगृहं, मालवणी खाणावळी, इराणी कॅफे, भोजनालयं ही सगळी नोकरदार आणि राहत्या वस्तीच्या जिवावर चालतात. म्हणून ती फोर्ट, गिरगाव, दादर, माटुंगा अशा भागांत आणि बहुतेक स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर सापडतात. तेव्हा आधी जेवणाची वेळ आणि स्टेशन ठरवा, मग त्याच्या आजूबाजूला काय बघायचं ते बसवा. उलट क्रमाने केलं की गेटवेचा प्रसंग ठरलेलाच.

गेटवे, म्युझियम, कुलाबा: इथेच सर्वांत जास्त फसगत

कुलाबा कॉजवेवर दुकानांची भाडी जबर आणि गिऱ्हाईक एकदाच येणारं. त्यामुळे भाव चढे राहतात आणि तिखट-मिठाची फारशी फिकीर कुणाला नसते. तरी अगदीच अडचण झाली तर तीन मार्ग आहेत. शाकाहारी जेवण हवं असेल तर इलेक्ट्रिक हाऊसजवळचं कामत किंवा कुलाब्यातलंच कैलास पर्बत. खिमा-पाव चालणारी मंडळी असतील तर ऑलिम्पिया. इराणी थाटाचं, संगमरवरी टेबलांचं, पटकन उठायचं ठिकाण. तिसरा मार्ग म्हणजे टॅक्सी करून सीएसएमटीला यायचं. स्टेशनसमोर पंचम पुरीवाला आहे, तिथे पुरी-भाजी येते आणि मुलं ती विनातक्रार खातात. आरामचा वडापावही तिथेच समोर. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये आहे आणि एका टॅक्सीत चौघं बसतात. रिक्षा शोधत बसू नका, दक्षिण मुंबईत त्या चालतच नाहीत.

फोर्टचा सापळा वेगळा. आठवड्याच्या दिवशी दुपारी इथे जेवणाची चंगळ असते, कारण सगळी ऑफिसं याच भागात. पारशी, मंगळुरी, गोमंतकी, राईस प्लेटवाले, सगळे हाकेच्या अंतरावर. पण साडेबारा ते दोन ऑफिसची गर्दी असते. तेव्हा सहा जणांना एक टेबल मिळायचं नाही. बाराला पोहोचा, नाहीतर सव्वादोननंतर. सव्वादोननंतर राईस प्लेट संपलेली असू शकते, म्हणून मुलं बरोबर असतील तर बाराच बरे. रविवारी ऑफिसं बंद, म्हणून फोर्टमधल्या बऱ्याच खाणावळीही बंद. रविवारचा बेत असेल तर गेटवे आणि म्युझियम सकाळी उरकून घ्या आणि साडेबाराच्या आत गिरगाव किंवा दादर गाठा. बॅलार्ड इस्टेटचं 1923 सालचं ब्रिटानिया बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे. पण ते पूर्वापार दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे आणि फार स्वस्तही नाही. जायचंच असेल तर सकाळी फोन करून.

‘नकाशावर दोनशे मीटर दाखवतंय, प्रत्यक्षात पंचवीस मिनिटं लागली’

कारण मधून रेल्वे जाते. मुंबईत कुठलाही पत्ता पूर्व की पश्चिम हे पाहिल्याशिवाय पुरा होत नाही. नकाशावरच्या यादीत दिसणारं अंतर प्रत्यक्ष चालायचं असेलच असं नाही. ‘दिशा’ दाबून पायी वेळ किती लागतो ते बघा आणि त्यात किती पूल चढावे लागतात तेही. आजोबांचे गुडघे आणि बाळाची ढकलगाडी दोन्ही सोबत असतील तर रेल्वेपूल म्हणजे अर्धा तास गेला असं धरा.

याच गोंधळाचा दुसरा अवतार माटुंग्याला भेटतो. माटुंगा हे मध्य रेल्वेचं स्टेशन, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेचं, आणि किंग्ज सर्कल हार्बरचं. दक्षिण भारतीय हॉटेलांचा माटुंगा म्हणजे मध्य रेल्वेच्या माटुंग्याची पूर्व बाजू. पश्चिम रेल्वेने येऊन माटुंगा रोडला उतरलात तर झेड ब्रिज हा पादचारी पूल ओलांडून बरंच चालावं लागतं. आणि माटुंग्याला फक्त धीम्या गाड्या थांबतात. जलद गाडीत बसलात तर दादरला उतरून बदला.

ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड हा मेट्रो-3 चा पूर्ण मार्ग सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईतलं बरंचसं दुखणं कमी झालं आहे. हुतात्मा चौक, गिरगाव, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर ही स्थानकं एकाच मार्गावर आहेत, शिवाय सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. ढकलगाडी असलेल्यांनी लोकलपेक्षा आधी हा पर्याय बघावा.

स्थळाप्रमाणे पोटाची सोय

राणीची बाग बघायची असेल तर भायखळा स्टेशन. बुधवारी बाग बंद असते, हे तिथे पोहोचल्यावर कळणारे दर आठवड्याला असतात. बाग बघून झाली की भायखळ्याहून धीमी लोकल पकडा. चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर आणि पाचवं माटुंगा. सकाळी बाग आणि बारा वाजता माटुंग्यात जेवण हा मुलांसोबतचा मुंबईतला आमच्या मते सर्वांत सोपा बेत आहे. 1940 सालचं कॅफे मद्रास नाश्त्याला. स्टेशनजवळचं रामा नायक यांचं 1942 सालचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग केळीच्या पानावरच्या जेवणाला. दोन्ही सोमवारी बंद असतात आणि दोन्हींना दुपारी मधली सुट्टी असते, म्हणजे साडेतीनला जाऊन उपयोग नाही. सोमवारी माटुंग्याला जायचा बेत असेल तर आधी फोन करा किंवा दिवस बदला.

सिद्धिविनायक, शिवाजी पार्क, चैत्यभूमी या भागासाठी दादर पश्चिम. शिवसेना भवनासमोरचं आस्वाद आणि त्याच परिसरातलं प्रकाश ही दोन मराठी उपहारगृहं सगळ्यांना माहीत आहेत. आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनमध्ये जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हापासून रांग वाढली ती कमी झालेली नाही. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, छबिलदासच्या गल्लीतला श्रीकृष्णचा वडा, हे पटकन होणारं खाणं. मंगळवारी सिद्धिविनायकाची गर्दी सगळ्या दादरभर पसरते. त्या दिवशी इथे जेवायचा आग्रह नको.

गिरगाव चौपाटीला गेलात तर चौपाटीवरच जेवायचं असं नाही. ठाकूरद्वार-फणसवाडीकडे विनय हेल्थ होम आहे. मिसळ, थालीपीठ, उपासाचे पदार्थ आणि दर वाजवी. चौपाटीसमोर क्रिस्टलमध्ये घरगुती उत्तर भारतीय जेवण मिळतं, तिथे मुलांना राजमा-भात घालता येतो. ताडदेवचं स्वाती स्नॅक्स 1963 सालचं. तिथली पानकी (केळीच्या पानात शेकलेलं पातळ धिरडं) मुलांना आवडते, पण तिथे थांबायची तयारी ठेवा. काळबादेवीचं ठाकर भोजनालय 1945 चं. गुजराती थाळी मनापासून वाढतात. मात्र जिना चढून जावं लागतं आणि भाव आता स्वस्ताईत मोडत नाही. मोठ्यांची भूक मोठी असेल तरच ते परवडतं.

शोधताना काय टाइप करायचं

‘फॅमिली रेस्टॉरंट’ शोधू नका. मुंबईत हा शब्द ज्या पाट्यांवर असतो त्यांतल्या निम्म्यांवर पुढे ‘अँड बार’ असतं. परमिट रूम असलेल्या ठिकाणी फॅमिलीसाठी वेगळा भाग असतो. दुपारी तो शांतही असतो, पण रात्री नऊनंतर मुलांना घेऊन बसण्यासारखा नव्हे. त्याऐवजी ‘उडुपी’, ‘उपहारगृह’, ‘खाणावळ’, ‘लंच होम’, ‘भोजनालय’, ‘मालवणी’ असे शब्द घाला आणि पुढे स्टेशनचं नाव व बाजू लिहा: ‘उपहारगृह दादर पश्चिम’. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे शोधा, निकाल वेगळे येतात.

यादी आल्यावर सर्वांत वरचं ठिकाण जाहिरातीचं असू शकतं, ते सोडा. मग हे पाहा:

- ‘आता उघडं’ यावर भरवसा ठेवू नका. मधली सुट्टी नकाशावर अनेकदा भरलेली नसते. फोन करून विचारा: ‘जेवण किती वाजेपर्यंत मिळतं?’ ‘किती वाजेपर्यंत उघडं?’ असं विचारलंत तर अकरा सांगतील आणि तुम्ही साडेतीनला पोहोचल्यावर फक्त चहा मिळेल.
- अभिप्राय नव्यापासून लावा. चार वर्षांपूर्वीचे पाच तारे कामाचे नाहीत; मालक किंवा आचारी बदलला असेल.
- फोटोंमध्ये मेनूकार्ड शोधा आणि फोटोची तारीख बघा. वर्षभरापूर्वीचा असेल तर भाव थोडे वाढवून धरा.
- फोटोत टेबल-खुर्ची एकही नाही, फक्त डबे आणि पिशव्या आहेत? ते फक्त घरपोच देणारं स्वयंपाकघर आहे. सहा जणांना घेऊन तिथे पोहोचलात तर बंद शटरसमोर उभे राहाल.
- गोमांतक, सिंधुदुर्ग, कामत अशी नावं अनेकांची असतात. रस्ता आणि समोरची खूण जुळल्याशिवाय टॅक्सीत बसू नका.

‘बिल अंदाजापेक्षा फार आलं’

हे बहुतेक वेळा तीन गोष्टींमुळे होतं. पहिली गोष्ट एसीची. उडुपी हॉटेलात तळमजला साधा आणि वरचा माळा एसी अशी रचना नेहमीची, आणि दोन्हीकडची मेनूकार्डं वेगळी. पदार्थ तोच, भाव जास्त. वेटर कुटुंब बघून ‘वर एसी आहे’ म्हणत जिन्याकडे हात दाखवतो. त्यात त्याची चूक नाही, वर खरंच मोकळं असतं. पण माळ्याचा जिना उभा असतो. आजी-आजोबांना खालीच बसवा, पैसेही वाचतील.

दुसरी गोष्ट थाळीची. अमर्याद थाळी दोघांत वाटून घेता येत नाही, हे पाटीवर लिहिलेलं असतं आणि ते कसोशीने पाळतात. पाच वर्षांच्या मुलासाठी पूर्ण थाळी घेणं म्हणजे पैसे पानात टाकून येणं. मोठ्यांना थाळी, मुलांना वेगळं काही असं मागवा, किंवा सरळ मर्यादित राईस प्लेट घ्या. ती वाटून खायला सहसा हरकत नसते. अंदाज म्हणून सांगायचं तर उडुपीतल्या बिनएसी भागात साधा डोसा 70 ते 110 रुपयांच्या घरात, राईस प्लेट 130 ते 200, मालवणी खाणावळीत सुरमईची थाळी 400 ते 600 आणि नावाजलेल्या अमर्याद गुजराती थाळीला त्याहून जास्त. म्हणजे दिवसातून एक जेवण उडुपी किंवा उपहारगृहात आणि एक खाणावळीत, असा मेळ घातला तर हिशेब हाताबाहेर जात नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि मासळीची. बसल्या बसल्या बाटली उघडून ठेवतात. नको असेल तर ‘साधं पाणी द्या’ हे पहिलं वाक्य असू द्या. पापलेट, खेकडे यांच्यापुढे भाव लिहिलेला नसतो, ‘साईजप्रमाणे’ असतं. तळायला टाकण्याआधी नग दाखवायला सांगा आणि भाव विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, नेहमीची गिऱ्हाइकंही विचारतात. 1 जून ते 31 जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजी मासळी कमी आणि भाव चढे, म्हणून पावसाळ्यातल्या फेरीत कोंबडी-वडे किंवा शाकाहारी जेवण जास्त समाधान देतं.

बिल हातात आल्यावर जीएसटीची ओळ बघा. साध्या स्वतंत्र रेस्टॉरंटला 5 टक्के लागतो. 18 टक्के दिसला तर ते महागड्या निवासी हॉटेलमधलं रेस्टॉरंट आहे का ते पाहा, नसेल तर विचारा. बिलावर किंवा पाटीवर ‘कंपोझिशन’ करदाता (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला) असं लिहिलं असेल तर त्यांना तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. छोट्या हॉटेलांत ही गल्लत होते, मुद्दाम असतेच असं नाही. दाखवली की बहुतेक वेळा बिल दुरुस्त होतं.

‘मुलं काहीच खात नाहीत, सगळं तिखट आहे’

‘तिखट कमी करा’ हे सांगून फारसं होत नाही. मिसळीचा कट, मालवणी रस्सा, सांबार हे सकाळीच मोठ्या पातेल्यात झालेलं असतं. तुमच्या ताटासाठी ते वेगळं शिजणार नाही. म्हणून मुळातच तिखट नसलेला पदार्थ निवडा. उडुपीत सेट डोसा, नीर डोसा, इडली, दहीभात, आणि चटणी वेगळ्या वाटीत. म्हैसूर डोशाला आतून लाल चटणी लावलेली असते, तो मुलांना नको. मराठी उपहारगृहात लोणी घालून थालीपीठ, आणि मिळत असेल तिथे वरण-भात-तूप. मालवणीत आंबोळी किंवा घावन आणि तळलेला मासा. सोलकढीत लसूण आणि हिरवी मिरची असते, लहानांना आधी एक घोट देऊन बघा.

काट्यांची धास्ती असेल तर सुरमईची आडवी कापलेली तुकडी घ्या. मधे एकच मोठा काटा असतो, तो काढला की बाकी सोपं. बोंबील मऊ असतो. बांगडा आणि मांदेली मुलांच्या ताटात नकोत. रविवार, बुधवार, शुक्रवार हे मासे खाणाऱ्यांचे दिवस, म्हणून मालवणी खाणावळींत तेव्हा रांग असते. सोमवार आणि गुरुवार मोकळे असतात.

बेबी चेअर जुन्या हॉटेलांत क्वचितच. भिंतीकडचा बाकडा मागा, मूल आत आणि मोठं माणूस बाहेर. ढकलगाडी घडी होणारी हवी, कारण दोन टेबलांमधून माणूसच जेमतेम जातो. स्वच्छतागृह प्रत्येक छोट्या ठिकाणी असेलच असं नाही. फोनवर जेवणाची वेळ विचारता तेव्हाच हेही विचारून घ्या. सहा जण असाल तर ‘एकत्रच बसायचं’ हा हट्ट सोडा. चार आणि दोन असे लागोपाठच्या टेबलांवर बसलात तर अर्ध्या वेळात बसाल. इराण्याकडे आणि लंच होममध्ये अनोळखी माणूस येऊन तुमच्या टेबलावर बसेल, ती तिथली रीत आहे.

संध्याकाळचं जेवण

राहायची सोय उपनगरात असेल तर इथे खरी परीक्षा. साडेपाच ते साडेआठ या वेळात उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन चढायचं नाही. म्हणून पाचच्या सुमारास काहीतरी पोटात टाका, सात वाजता दादर किंवा गिरगावात जेवायला बसा आणि नऊनंतर गाडी पकडा. सातला बसलात तर टेबल लगेच मिळतं. साडेआठला शनिवार-रविवारी मुंबईतली स्थानिक कुटुंबंही बाहेर पडलेली असतात, मग वहीत नाव लिहून फुटपाथवर उभं राहणं आलं.

रविवारी आणखी एक गोष्ट तपासायची. मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही रुळांवरची वाहतूक बंद) असतो, आणि माटुंगा-मुलुंड हा त्यातला नेहमीचा पट्टा. धीम्या मार्गावर ब्लॉक असेल तर गाड्या जलद मार्गावरून वळवतात आणि वेळापत्रक कोलमडतं. घोषणा शनिवारच्या पेपरात आणि रेल्वेच्या समाजमाध्यमांवर येते. ब्लॉक असेल तर त्या दुपारी माटुंगा रद्द करून पश्चिम रेल्वे किंवा मेट्रोने दादर पश्चिमेला जेवा.

सेवा शुल्कावरून वाद झाला तर

उपहारगृहांत आणि खाणावळींत हा प्रश्न येत नाही. येतो तो जरा झगमगीत ठिकाणी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही आणि ते ऐच्छिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ही तत्त्वं कायम ठेवली. पैसे देण्याआधी शांतपणे ‘सेवा शुल्क काढून बिल द्या’ म्हणा. नाहीच ऐकलं तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिलावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक (अन्न परवान्याचा नंबर) छापलेला असतो, तक्रारीत तोही द्या.